सही तर घेतली, पण त्या माणसाला विचारलं कोणी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मेडिकल वॉर्डात लागून आठ महिने झालेत, ट्रेनिंगमध्ये 'कल्चरल कॉम्पिटन्स' (म्हणजे पेशंटची संस्कृती सांभाळून सेवा देता येणं) या नावाखाली एक तक्ता हातात दिला, कोणत्या समाजातले लोक डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, कोण रक्त घेत नाही, कोणाला बाई डॉक्टरच लागते वगैरे, आणि मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलाने "बाबांना कॅन्सर आहे हे सांगायचं नाही, आमच्यात असं सांगत नाहीत" म्हणून बजावलं. सिनियर सिस्टर म्हणाल्या, त्यांची पद्धत आहे ती, आपण मध्ये पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांनीच तुला विचारलं, "सिस्टर, मला नक्की झालंय काय?" तू "डॉक्टर सांगतील" म्हणून सटकलीस आणि आता ते डोक्यातून जात नाहीये.

मी २३ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची ९ इन्चार्ज म्हणून, आता नवीन मुलींना शिकवते. वयाने बरीच मोठी असणार म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस. आणि सटकलीस म्हणून स्वतःला खात बसू नकोस, आम्ही सगळ्याच कधी ना कधी सटकलोय.

आधी त्या तक्त्याचं बघू. फेकून दे म्हणत नाही मी, पण त्याचा उपयोग एवढाच की कोणते प्रश्न विचारायला हवेत ते त्यातून सुचतं, उत्तरं त्यात शोधायला गेलीस की फसलीस. मी स्वतः फसलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्रपाळीला एक बाई ब्लीडिंगसाठी आली, डोक्यावरून सगळं नीट झाकलेलं, सोबत सासू. ड्युटीवर जे सिनियर डॉक्टर होते ते पुरुष. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की हिला बाई डॉक्टरच हवी असणार, मॅडम दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेल्या, त्यांना निरोप पाठवला आणि बसलो वाट बघत. पाऊण तास गेला. शेवटी तिनेच विचारलं की डॉक्टर अजून का आले नाहीत. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की तुमच्यासाठी लेडी डॉक्टर बोलावल्यात, तर ती म्हणाली, "मला विचारलंत का? ज्याला जास्त येतं तो पाठवा ना." तिचं काही बिघडलं नाही ते माझं नशीब. आणि त्याच महिन्यात दुसरीकडे काय झालं, तर जीन्सवाली, फाडफाड इंग्लिश बोलणारी मुलगी, तिला ईसीजीला पुरुष टेक्निशियनसमोर नेऊन झोपवलं, कोणी विचारायच्या भानगडीत पडलंच नाही कारण ती दिसायला 'मॉडर्न', आणि ती पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून रडत होती. दोन्ही वेळा चूक एकच, आम्ही कपडे वाचले आणि माणूस वाचला असं समजलो.

म्हणून मला तो 'कॉम्पिटन्स' शब्दच जरा खटकतो. जणू काही कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, आता मला तुमची संस्कृती येते! १९९८ मध्ये मेलानी टर्वालोन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टर बायकांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता, की याला कॉम्पिटन्स नको, ह्युमिलिटी म्हणा, म्हणजे नम्रपणा, शिकणं संपत नाही आणि आपलेच पूर्वग्रह तपासत राहायचे. त्याच्याही आधी न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन नावाची माओरी नर्स होती, नर्सच हं, डॉक्टर नाही, तिने 'कल्चरल सेफ्टी'ची कल्पना मांडली आणि १९९२ पासून तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ती आली. तिचं म्हणणं साधं होतं पण आपल्याला झोंबणारं. आपण संस्कृतीचा मान राखला की नाही हे आपण ठरवायचं नाही, ते पेशंट ठरवणार. मी कितीही प्रेमाने वागले असेन, त्या बाईला जर अपमान वाटला तर तो झालाच. हे पचायला मला बरीच वर्षं लागली, खरं सांगते.

आता तुला एक गोष्ट सांगते जी ट्रेनिंगमध्ये सांगतात पण अर्धी सांगतात. टस्कीगी. अमेरिकेत अलाबामामध्ये १९३२ ला सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना उपचार द्यायचे नाहीत, आजार कसा वाढत जातो ते फक्त बघायचं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, सगळीकडे मिळायला लागलं, यांना दिलं नाही. हे चाललं १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं, पेपरात छापून आलं तेव्हा थांबलं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते जमलं कसं हे बघ. त्या भागात लोक थकवा, अंगदुखी, कसल्याही दुखण्याला 'बॅड ब्लड' म्हणायचे, तर या लोकांनी तोच शब्द उचलला, तुमच्यात बॅड ब्लड आहे म्हणून सांगितलं, सिफिलिस हा शब्द काढलाच नाही. गरिबाला आपली माती नीट व्हावी हे फार मोठं वाटतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अंत्यविधीच्या खर्चाची हमी दिली आणि बदल्यात शवविच्छेदनाची परवानगी घेतली. पाठीत सुई घालून पाणी काढायचं होतं तर पत्र पाठवलं की ही खास फुकट उपचाराची शेवटची संधी. आणि माणसं टिकवून ठेवायला त्यांच्यातलीच एक नर्स ठेवली, युनिस रिव्हर्स, जी त्यांना गाडीतून न्यायची-आणायची, घरच्यांची विचारपूस करायची. म्हणजे भाषा येत होती, चालीरीती येत होत्या, विश्वास कमावलेला होता. त्या तक्त्यावर परीक्षा घेतली असती तर ही टीम पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झाली असती! नव्हतं ते फक्त एक, समोरच्याला खरं सांगून 'चालेल का' विचारणं. त्यामुळे कोणी मला नुसतं "आम्ही संस्कृतीला धरून वागतो" असं म्हणालं की मी विचारते, कशासाठी? त्याला ठरवता यावं म्हणून, की त्याने मुकाट्याने ऐकावं म्हणून?

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. हक्क हक्क करत नुसता कागद पुढे केला तर तो हक्क नसतो, ते आपलं कातडं वाचवणं असतं. सात पानी कन्सेंट फॉर्म, तोही पेशंटला न कळणाऱ्या भाषेत, भूल द्यायच्या आधीचं गुंगीचं औषध दिल्यावर, स्ट्रेचरवर, "इथे सही करा आजी, थिएटरवाले थांबलेत". मी स्वतः अशा सह्या घेतल्यात. आजही घेतल्या जातात.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण वॉर्डात याबद्दल फार अफवा असतात. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीश कार्डोझो यांनी लिहून ठेवलं की समजत्या, सज्ञान माणसाच्या शरीराचं काय करायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच. (जिने ही केस केली होती ती बाई स्वतः मात्र हरली बरं का, तिने भूल देऊन फक्त तपासणीला हो म्हटलं होतं, डॉक्टरांनी गाठच काढली, पण धर्मादाय हॉस्पिटलला जबाबदार धरता येत नाही असा निकाल लागला. तत्त्व जिंकलं, बाई हरली.) १९४७ ला न्युरेंबर्ग कोड आला, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांचे नियम, त्याच्या दहा मुद्द्यांत पहिलाच मुद्दा स्वेच्छेने दिलेली संमती. भारताच्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये जो निकाल दिला तो तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आहे, एका ४४ वर्षांच्या बाईला दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिली होती, टेबलावर असतानाच बाहेर तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. कोर्ट म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, पेशंट सज्ञान होती, तिला शुद्धीवर येऊ द्यायला हवं होतं, आईची परवानगी ही परवानगीच नाही. आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने माँटगोमेरी केसमध्ये सांगितलं की कोणता धोका सांगण्यासारखा आहे हे डॉक्टरांच्या सवयीवर ठरत नाही, त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का यावर ठरतं. ती डायबेटिस असलेली, लहान चणीची बाई होती, नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचे खांदे अडकायची शक्यता ९ ते १० टक्के, तिला सांगितलीच नव्हती, का तर सांगितलं की बायका सिझेरियनच मागतात.

या शेवटच्या निकालातलं 'त्या पेशंटच्या जागी' हे मला फार आवडतं, कारण हक्क आणि संस्कृती इथे एकत्र येतात. तिला काय महत्त्वाचं वाटतं हे तिच्या जगण्यात शिरल्याशिवाय कळणार कसं तुला? बोट थोडं सुन्न राहील हा धोका मला किरकोळ, तबला वाजवणाऱ्याला ते आयुष्य आहे.

मग शिरायचं कसं, तर विचारून. आर्थर क्लाइनमन हे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी १९७८ च्या सुमारास काही प्रश्न दिले, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं, कशामुळे झालं, आत्ताच का सुरू झालं, यातली सगळ्यात जास्त भीती कशाची, उपचारातून काय व्हावं असं वाटतं, असे. सगळे एकदम विचारायला बसलीस तर चौकशी आयोग वाटेल. मी दोनच विचारते, "तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं?" आणि "यातलं सगळ्यात टेन्शन कशाचं आहे?" आणि मग गप्प बसते. हे गप्प बसणंच अवघड आहे. १९८४ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, डॉक्टरांनी पेशंटला बोलताना सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडलं होतं. सिस्टर लोक काही वेगळे नाहीत, आमच्या हातात तेव्हा बीपीचा पट्टा असतो एवढाच फरक.

एक ड्रायव्हर काका होते, बीपी २०० च्या पुढे घेऊन तिसऱ्यांदा ॲडमिट. फाइलवर तिन्ही वेळा 'नॉन-कम्प्लायंट', म्हणजे सांगितलेलं न पाळणारा, असं लिहिलेलं, शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरलाही तेच, "गोळ्या खात नाही, कितीदा सांगितलं". मी रात्री निवांत होते म्हणून खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, गोळीबद्दल काय वाटतं तुम्हाला? तर म्हणाले, "रोज घेतली की अंगाला सवय लागते ना, मग खरी गरज पडेल तेव्हा काम नाही करणार. म्हणून मी राखून ठेवतो, डोकं जड झालं की घेतो." बघ, माणूस हट्टी नव्हता, आळशी नव्हता, तो गोळी जपून वापरत होता! त्याच्या हिशेबाने तोच शहाणपणा. त्या तीन वेळच्या 'नॉन-कम्प्लायंट'मध्ये कोणी त्याला हा एक प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून माझ्या वॉर्डात तो शब्द लिहायचा असेल तर पुढे 'कारण' लिहायची सक्ती केली, आणि कारण लिहायचं म्हणून मुली विचारायला लागल्या. असेच 'कटकट करतो', 'नातेवाईक फार त्रासदायक', 'सात नंबरचं नाटक' हे शब्द, हँडओव्हरमध्ये एकदा पडले की पुढच्या तिन्ही शिफ्ट त्या माणसाकडे त्याच चष्म्यातून बघतात. दुखणं तर विचारूच नकोस. कोणी ओरडून सांगतं, कोणी दात आवळून पडून राहतं, ओरडणाऱ्याला आपण नाटकी म्हणतो आणि गप्प राहणाऱ्याला पेनकिलर देत नाही, दोघंही मार खातात.

भाषेबद्दल जरा जास्त लिहिते कारण खरे अपघात तिथे होतात. १९८० मध्ये फ्लोरिडात एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणलं, घरचे स्पॅनिश बोलणारे, ते म्हणाले 'इंतोक्सिकादो'. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ काहीतरी खाण्यात-पिण्यात आलं आणि त्रास झाला असा होतो. इमर्जन्सीत तो शब्द इंग्रजीतल्या 'इंटॉक्सिकेटेड'सारखा ऐकला गेला आणि ड्रगचा ओव्हरडोस धरून उपचार सुरू झाले. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होता. तो कळेपर्यंत उशीर झाला, मुलाचे दोन्ही हात दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. नुकसानभरपाईचा आकडा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरपर्यंतचा होता. आणि यात लक्षात घे, दुभाषा मागवायचं कोणालाच सुचलं नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटलं की आपल्याला समजलंय. 'अजिबात कळत नाही' यापेक्षा 'थोडं थोडं कळतंय' जास्त धोक्याचं असतं.

घरचा माणूस दुभाषा म्हणून वापरायचा मोह रोज होतो, कळतं मला, रात्री दोनला कुठून आणायचा दुभाषा. तरी हे माहीत असू दे, २००३ मध्ये लहान मुलांच्या ओपीडीतली संभाषणं रेकॉर्ड करून तपासली तर एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या, आणि उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण हॉस्पिटलच्या दुभाष्याकडून ५३ टक्के, तर सोबतच्या कुणीतरी केलेल्या भाषांतरात ७७ टक्के. आकडे सोड, मी डोळ्यांनी पाहिलंय, दहा-अकरा वर्षांचा मुलगा आईच्या पाळीबद्दलचे प्रश्न डॉक्टरांना भाषांतर करून सांगतोय, कान लाल झालेले, आई खाली बघतेय, आणि जे काही उत्तर येतंय ते दोन शब्दांत. ती बाई त्या पोराच्या तोंडून स्वतःबद्दल खरं सांगेल का कधी? नवरा भाषांतर करत असेल तर मारहाणीबद्दल कळेल का? तेव्हा मुलांना या कामाला अजिबात लावायचं नाही, फोनवरून दुभाषा मिळत असेल तर तो घ्यायचा, दुसऱ्या वॉर्डातली भाषा येणारी सिस्टर बोलव, आणि काहीच नसेल, अगदी जिवावरचं असेल तर नातेवाईक वापर पण फाइलवर लिही की कोणी भाषांतर केलं. बोलताना दुभाष्याकडे नाही, पेशंटकडे बघून बोलायचं. आणि शेवटी "समजलं ना?" हा प्रश्न कधीच विचारू नकोस, त्याला जगभर एकच उत्तर आहे, मान डोलावणं. मी म्हणते, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते मला सांगा." परीक्षा माझी, त्यांची नाही, असं वाटलं की माणूस मोकळा बोलतो.

आता तुझे आजोबा.

"आमच्यात सांगत नाहीत" हे वाक्य ऐकलं की आपल्याला वाटतं ही युगानुयुगांची परंपरा असणार. १९६१ मध्ये शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या २१९ डॉक्टरांना विचारलं तेव्हा जवळपास ९० टक्के म्हणाले, कॅन्सर पेशंटला आम्ही सहसा सांगत नाही. हे अमेरिकन डॉक्टर, आणि पेशंटच्या घरचे नाही, डॉक्टरच! १९७९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला तर ९७ टक्के म्हणाले सांगतो. अठरा वर्षांत रीत उलटी झाली. तेव्हा रीत वगैरे सगळं बदलतं, आणि एकाच घरातही सगळ्यांची सारखी नसते, त्या मुलाची वेगळी आणि आजोबांची वेगळी असू शकते.

दुसरा अभ्यास १९९५ चा, लॉस एंजेलिसमधले ६५ च्या पुढचे ८०० लोक, चार वेगवेगळे समाज. पसरलेल्या कॅन्सरचं निदान पेशंटला सांगावं का, याला कोरियन मुळाच्या लोकांपैकी ४७ टक्के हो म्हणाले, युरोपीय मुळाच्या लोकांपैकी ८७ टक्के. ट्रेनिंगवाले हे आकडे दाखवून म्हणतात बघा, कोरियन कुटुंबात सांगत नाहीत. अरे पण ४७ टक्के हो म्हणतायत की! म्हणजे तुझ्या तक्त्यावर विसंबून गप्प बसलीस तर जवळजवळ निम्म्या लोकांचं चुकवलंस. आणि दुसऱ्या गटात जे १३ टक्के उरले त्यांना "तुमचा हक्क आहे" म्हणून जबरदस्तीने सगळं ऐकवलंस तर तेही चुकलंच.

कारण माहिती असणं हा हक्क आहे तसाच माहिती नको म्हणणं हाही हक्क आहे. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनचं लिस्बन डिक्लरेशन आहे, मूळ १९८१ चं, नंतर सुधारलेलं, त्यात हे सरळ लिहिलंय, पेशंटने स्पष्ट सांगितलं तर त्याला माहिती न देणं आणि आपल्या वतीने कोणाला सांगायचं ते त्याने निवडणं. बघ, मुलाला सांगायचं असेल तरी चालेल, पण ते आजोबांनी म्हणायला हवं. मुलाने स्वतःच स्वतःला नेमून घेतलं तर नाही.

मी अशा वेळी काय करते ते सांगते. पहिलं मुलाला बाजूला घेते, आणि त्याला नियम दाखवत नाही. विचारते, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" शंभरातल्या बहुतेकांचं उत्तर 'ते खचतील' हेच असतं, काही वेळा पुढे निघतं की काका असेच गेले, डॉक्टरांनी राउंडला दहा लोकांसमोर सांगितलं आणि त्यांनी जेवणच सोडलं. म्हणजे त्याला सांगण्याची नाही, तशा सांगण्याची भीती आहे, आणि ती रास्त आहे. मग म्हणते, "मी त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आधी आम्ही त्यांनाच विचारू की त्यांना किती ऐकायचंय, तुम्ही समोर बसा." बहुतेक जण तयार होतात. काही चिडतात, तक्रार करतात, माझ्यावर दोनदा झालीय.

मग पेशंटला, पडदा ओढून, बसून, उभं राहून नाही, "आजोबा, तपासण्या झाल्यात. काही जणांना सगळं स्वतः ऐकायचं असतं, काही जण म्हणतात माझ्या मुलाशी बोला, मला तपशील नको. तुमचं कसं?" या एका वाक्यात तू निदान सांगत नाहीस, म्हणजे तुझ्या अधिकाराबाहेरही जात नाहीस. एकदा एका आजींना हे विचारलं, लेक शेजारी श्वास रोखून बसलेली, आजी म्हणाल्या, "मला माहितीये गं काय झालंय ते. हिला सांगू नका म्हणून मीच गप्प होते." दोघी तीन आठवडे एकमेकींना वाचवत बसल्या होत्या. आणि याच्या उलटही झालंय, एका काकांनी हात वर करून सांगितलं की मला काही सांगू नका, बायकोशी बोला, दुखू देऊ नका म्हणजे झालं. आम्ही तसं फाइलवर त्यांच्या शब्दांत लिहिलं, तारीख घातली, आणि दर काही दिवसांनी एकदा विचारत राहिलो की अजून तसंच ना, कारण माणसाचं मन बदलतं.

रक्ताचं तू विचारलं होतंस ओझरतं, तेही तसंच. यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त घेत नाहीत हे तक्त्यात असेल, पण त्यातले काही अल्ब्युमिन किंवा क्लॉटिंग फॅक्टर हे रक्तातून वेगळे काढलेले घटक घेतात, काही नाही, स्वतःचंच रक्त मशीनमधून फिरवून परत घेणं काहींना चालतं, एकेकाला विचारावं लागतं, आणि महत्त्वाचं म्हणजे एकट्याला विचारावं लागतं, मंडळी बाहेर गेल्यावर, दबाव नाही ना हे बघायला. कॅनडात ओंटारिओच्या अपील कोर्टाने १९९० मध्ये एका डॉक्टरला नुकसानभरपाई द्यायला लावली, बाई अपघातात बेशुद्ध, पाकिटात रक्त नको असं सही केलेलं कार्ड, डॉक्टरने ते वाचूनही रक्त दिलं, बाई वाचली, आणि तरी निकाल तिच्या बाजूने गेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं, आता नाही वाटत. लहान मुलांचं वेगळं, तिथे आईवडिलांची श्रद्धा मुलाच्या जिवावर उठत असेल तर बहुतेक देशांत कोर्ट मध्ये पडतं, तिथे एकटीने शहाणपणा करू नकोस, लगेच वर कळव. आणि औषधांचं कोणी विचारत नाही ते पण सांगून ठेवते, रक्त गोठू न देणारं हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं, बऱ्याच कॅप्सूलचं जिलेटिन जनावरांचं असतं. ज्याला ते चालत नाही त्याला आधी सांगितलं तर बरेचदा पर्याय निघतो, हेपरिनऐवजी वापरता येणारं फॉन्डापॅरिनक्स सिंथेटिक आहे, कॅप्सूलमधलं औषध कधी पातळ स्वरूपातही मिळतं. नंतर त्याला गूगलवर कळलं तर मात्र तुझ्यावरचा विश्वास संपला.

सगळं संस्कृती म्हणून खपवून घ्यायचं असं मात्र नाही. बायकोच्या प्रश्नांची उत्तरं नवराच देतोय, ती तोंड उघडत नाही, तर "सगळ्याच पेशंटशी पाच मिनिटं एकट्याने बोलायचा आमचा नियम आहे" म्हणायचं आणि त्याला बाहेर पाठवायचं. खरंच सगळ्यांसाठी तो नियम ठेव, म्हणजे कोणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. आणि पेशंटने "या जातीची, या रंगाची नर्स नको" म्हटलं तर तो हक्क नाही, तो त्रास आहे, ते इन्चार्जने हाताळायचं, तू अंगावर घ्यायचं नाही.

तर उद्या ड्युटीला गेलीस की पहिलं डॉक्टरांना गाठ आणि सांग, पेशंटने स्वतः विचारलंय, अमुक तारखेला, अमुक शब्दांत. फाइलवर तेच शब्द अवतरणात लिही, "मला नक्की झालंय काय", कारण तोंडी सांगितलेलं राउंडच्या गर्दीत हरवतं, लिहिलेलं कोणाला टाळता येत नाही. सिनियरना चोरून काही करू नकोस, त्यांना सांगून कर, त्या चिडल्या तर चिडल्या. मुलाशी आधी बोला असं डॉक्टरांना सुचव. आणि आजोबांकडे जा, तोवर काहीच ठरलं नसलं तरी जा, खुर्ची ओढून बस आणि सांग, "परवा तुम्ही विचारलं होतं आणि मी उत्तर न देता गेले. मी डॉक्टरांशी बोललेय, ते तुमच्याशी बोलायला येणारेत. तोपर्यंत मला सांगा, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?"